गाडी सगळा हिशेब ठेवते

पुण्याजवळ चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना आहे. तिथे बनणाऱ्या व्हर्टस या सेडानच्या जीटी मॉडेलमध्ये दीड लिटरचं, चार सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन बसतं. ताकद १५० पीएस, टॉर्क २५० न्यूटन-मीटर. गाडी शोरूममधून घरी येते, पेढे वाटून होतात, आणि थोड्याच दिवसांत हौशी मालकाच्या कानावर एक शब्द पडतो: रिमॅप. ट्यूनर लॅपटॉप जोडतो, इंजिनच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलतो आणि टॉर्कचा आकडा तीनशेच्या पुढे गेल्याचं सांगतो. एकही पार्ट बदललेला नसतो, इंजिनाचा एक नटही सैल केलेला नसतो. तरी ॲक्सिलरेटर दाबला की पाठ सीटला चिकटते.

ही ताकद आली कुठून?

ती कुठूनच आली नाही. ती पहिल्या दिवसापासून इंजिनातच होती. ज्यांनी इंजिन घडवलं त्यांनीच ती जाणूनबुजून बाजूला ठेवली होती. का ठेवली, हे कळलं की वॉरंटी नावाच्या रुक्ष कागदाचा अर्थ उलगडतो. नव्या वेगवान गाडीत बदल करायचे आणि तो कागदही शाबूत ठेवायचा, हे कितपत जमतं, तेही मग आपोआप दिसू लागतं.

राखून ठेवलेली ताकद

दोनशे पानांचा स्वयंपाक सांगितला की जाणता आचारी अडीचशे पानांची तयारी ठेवतो. इंजिन घडवणाराही तेच करतो, कारण गाडी कुणाच्या हाती पडणार आणि कुठे जाणार, हे त्याला ठाऊक नसतं. ती मे महिन्यात जळगावच्या उन्हात एसी लावून सिग्नलला उभी राहील. लेहच्या विरळ हवेत चढण चढेल. आडरस्त्यावरच्या पंपाचं कसलंही पेट्रोल तिच्या टाकीत जाईल. मालक सर्व्हिस पुढे ढकलेल, थंड इंजिन सुरू केल्या केल्या पिदडेल. हे सगळं सोसून तिने वर्षानुवर्षं चालायचं, शिवाय धुराच्या चाचणीतही पास व्हायचं. म्हणून इंजिन सर्वांत वाईट दिवसासाठी बेतलेलं असतं. बाकीच्या दिवशी त्यातली काही ताकद शिल्लक राहते. ट्यूनर हात घालतो तो या शिलकीत.

ही शिलक किती मोठी असू शकते, याचा देखणा पुरावा म्हणजे निसानची जीटी-आर. २००७ च्या टोकियो मोटर शोमध्ये ती जगासमोर आली तेव्हा तिच्या ३.८ लिटरच्या ट्विन टर्बो व्ही-६ इंजिनची ताकद ४८० पीएस होती. योकोहामातल्या कारखान्यात मोजके कसबी कारागीर ही इंजिनं हाताने जुळवत. २०११ च्या मॉडेलमध्ये आकडा ५३० झाला, २०१२ मध्ये ५५०, २०१७ मध्ये ५७०. निस्मो नावाची खास आवृत्ती तर ६०० पर्यंत गेली. मूळ इंजिन तेच, क्षमताही तीच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये उत्पादन थांबेपर्यंत अशा सुमारे ४८ हजार गाड्या बनल्या.

म्हणजे ट्यूनर खोटं बोलत नाहीत. इंजिनात खरोखरच जास्त दम असतो आणि तो आहे, हे कंपनीनेच दाखवून दिलं. फरक एवढाच, की कंपनीने दर वेळी थोडाच आकडा वाढवला, त्याला झेपतील असे भाग बदलले, चाचण्या घेतल्या आणि मग त्या नव्या आकड्याखाली वॉरंटीची सही केली. ट्यूनर काही तासांत तिथवर पोहोचतो, पण त्याच्या आकड्याखाली कंपनीची सही नसते. वॉरंटीच्या साऱ्या भांडणाचं मूळ या सहीत आहे.

सेकंदाचा अठरा हजारावा भाग

फाइल बदलली म्हणजे नेमकं काय बदललं?

इंजिन ३,००० आरपीएमवर फिरतंय असं धरू. म्हणजे सेकंदाला ५० फेरे. दर सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी पडते, म्हणून चार सिलिंडरांत मिळून सेकंदाला १०० ठिणग्या. प्रत्येक ठिणगी कधी पडायची, ते फेऱ्याच्या अंशात मोजतात. या वेगाला एक अंश म्हणजे सेकंदाचा अठरा हजारावा भाग. इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, दर ठिणगीसाठी हा अंश नव्याने ठरवतो. आत येणारी हवा किती, किती गरम, टर्बोचा दाब किती, पाणी किती तापलंय, पाय किती दाबलाय, हे सगळं पाहून तो आकड्यांच्या तक्त्यांत उत्तर शोधतो. या तक्त्यांनाच मॅप म्हणतात. ट्यूनर त्यातले आकडे बदलतो: टर्बोचा दाब थोडा जास्त, ठिणगी थोडी आधी, टॉर्कची मर्यादा थोडी वर.

ठिणगी आधी पडली की पिस्टनला नेमक्या क्षणी जोरकस धक्का बसतो. पण याला एक सीमा आहे. दाब आणि उष्णता हाताबाहेर गेली की सिलिंडरच्या कोपऱ्यात उरलेलं इंधन-हवेचं मिश्रण आपलं आपण पेटतं. आतून खडखड ऐकू येते, तिला नॉकिंग म्हणतात. जोरदार नॉकिंग काही क्षण जरी टिकलं तरी पिस्टनच्या कडा तुटू शकतात.

ते टाळायला इंजिनच्या अंगावर नॉक सेन्सर बसवलेला असतो. त्यात एक स्फटिक असतो, तो कंप पावला की विजेचा बारीक संकेत निघतो. व्हॉल्व्ह, चेन, इंजेक्टर, गिअर यांच्या एवढ्या गोंगाटातून नॉकिंगचीच कंपनं वेगळी काढायची, ती कुठल्या सिलिंडरमधून आली ते वेळेवरून ओळखायचं आणि त्या सिलिंडरची पुढची ठिणगी जराशी मागे ओढायची. हे सगळं पुढच्या स्फोटाच्या आत. गाडी चालवताना आपण रेडिओ ऐकत असतो, तेव्हा बॉनेटखाली हे अखंड चाललेलं असतं.

रिमॅप केलेलं इंजिन याच पहाऱ्यावर जास्त विसंबतं. शिलक जितकी खर्च होते, तितकी चूक सावरायला जागा कमी उरते. एखाद्या दिवशी पेट्रोल हलकं निघालं, टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर तापलेला असला आणि घाट चढायचा असला, की पूर्वी जे सहज निभावलं असतं ते आता काठावर येतं.

आणि इंजिन एकटं नसतं. व्हर्टस जीटीच्या ऑटोमॅटिक गाडीत सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स असतो. त्यात दोन क्लच, दोन्ही कोरडे. फोक्सवॅगन त्याला डीक्यू-२०० म्हणते. त्याची टॉर्क पेलण्याची मर्यादा किती? २५० न्यूटन-मीटर. इंजिनचा छापील टॉर्कही २५०. हे काही योगायोगाने जुळलेलं नाही.

ईसीयू गिअरबॉक्सला सतत कळवत असतो, की एवढा टॉर्क येतोय. त्या भरवशावर गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर क्लच किती दाबायचा ते ठरवतो. इंजिन तीनशेच्या पुढे ढकलू लागलं की ज्या क्लचला अडीचशेचा घास दिला होता, त्याला जास्तीचा पचवावा लागतो. तो घसरतो, तापतो, झिजतो. इंजिनात शिलक होती हे खरं, पण साखळीतल्या पुढच्या कडीत तेवढीच असेल असं नाही. वॉरंटीत सर्वांत महागात पडणारं प्रकरण बहुतेक वेळा या पुढच्या कडीचं असतं.

पुसलं तरी उरतं

हौशी मंडळींत एक सल्ला हमखास मिळतो: सर्व्हिसच्या आधी जुनी फाइल परत टाक, कुणाला कळणार? हा सल्ला किती भाबडा आहे, ते पाहायला गाडीच्या स्मरणशक्तीकडे बघावं लागतं.

अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून प्रत्येक गाडीत ओबीडी-२ ही स्वतःची तपासणी करणारी यंत्रणा सक्तीची झाली. हेतू धुराचा होता. मालकाने प्रोग्रॅममध्ये ढवळाढवळ करून प्रदूषण वाढवलं तर ते ओळखता यावं, म्हणून पुढे कॅलिफोर्नियाच्या हवा नियामकांच्या नियमांमुळे आणखी एक गोष्ट आली: ईसीयूने स्वतःच्याच प्रोग्रॅमवर गणित करून एक आकडा काढायचा. प्रोग्रॅममधलं एक अक्षर जरी बदललं तरी हा आकडा बदलतो. गाडीने स्वतःचीच साक्ष काढावी, अशी ही सोय.

हवेसाठी केलेली ही सोय वॉरंटीच्या कामी आली. जनरल मोटर्सने आपल्या सर्व्हिस सेंटरांना सूचना दिली, की बिघाडाचं कारण संशयास्पद वाटलं तर इंजिन किंवा गिअरबॉक्स बदलण्याआधी स्कॅनरच्या पडद्यावर हे आकडे आणा आणि पडद्याचा फोटो काढून पाठवा. फोक्सवॅगन समूहाची पद्धत आणखी चोख आहे. सर्व्हिस सेंटरचा स्कॅनर कंपनीच्या सर्व्हरशी जोडला, की गाडीतल्या प्रोग्रॅमची ओळख मुख्यालयाकडच्या ओळखीशी ताडून पाहिली जाते. जुळली नाही तर त्या गाडीच्या नावावर टीडी-१ असा शेरा पडतो. हा शेरा कंपनीच्या नोंदीत चॅसिस नंबरसमोर असतो. गाडीतली फाइल नंतर बदलून तो जात नाही.

बऱ्याच ईसीयूंमध्ये शिवाय एक मोजणी असते: आपल्यावर किती वेळा नवा प्रोग्रॅम लिहिला गेला. जुनी फाइल परत टाकणं म्हणजे आणखी एकदा लिहिणंच. म्हणजे खूण पुसायच्या खटाटोपातून नवी खूण तयार होते.

पोर्शची तऱ्हा याहून मजेदार. ९११ च्या अनेक पिढ्यांच्या ईसीयूमध्ये मर्यादेबाहेर गेलेल्या आरपीएमची नोंद सहा पायऱ्यांत होते. प्रत्येक पायरीवर किती ठिणग्या पडल्या आणि शेवटची वेळ इंजिनच्या एकूण चालू-तासांपैकी कितव्या तासाला आली, तेही. पहिल्या पायऱ्या फार गंभीर नसतात. इंजिन लाल रेषेला टेकलं, की ईसीयू इंधन तोडून त्याला तिथेच अडवतो. पण मॅन्युअल गाडीत पाचव्यातून चौथ्यात जाता जाता चुकून दुसरा गिअर पडला, तर चाकंच इंजिनला फिरवू लागतात. मग इंधन तोडून काही उपयोग नसतो. वरच्या पायऱ्यांवर नोंद होते ती अशा वेळी. वापरलेली पोर्श घेणारे जाणकार आजही रंग बघण्याआधी हा अहवाल मागतात.

आणि जीटी-आर? जपानात गाड्यांचा वेग ताशी १८० किलोमीटरला अडवलेला असतो. जीटी-आरमध्ये जीपीएस होतं. आपण ओळखीच्या रेसट्रॅकवर आहोत असं गाडीला कळलं, तरच अडसर काढायची मुभा पडद्यावर यायची. ट्रॅकवर अशी पळवून आणली, की वॉरंटी राखण्यासाठी ती निसानच्या खास केंद्रात तपासून घ्यायची. मालकाने काय केलं, एवढंच नाही, तर कुठे केलं तेही गाडीला माहीत.

प्रोग्रॅमची ही तपासणी चुकवायला काही जण पिगीबॅक नावाचा छोटा डबा लावतात. तो ईसीयूला हात लावत नाही. तो सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये बसतो आणि टर्बोचा दाब खऱ्यापेक्षा कमी कळवतो. बिचारा ईसीयू दाब वाढवत राहतो. डबा काढला की प्रोग्रॅम कोरा करकरीत. पण धातूला कोण गप्प करणार? नॉकिंगने खाल्लेल्या पिस्टनवर विशिष्ट खड्डे पडतात, जास्त तापलेल्या क्लचवर निळसर डाग येतात. इंजिन उघडलं की अनुभवी मेकॅनिक ते सहज वाचतो. शिवाय बदल लपवून वॉरंटीत नवं इंजिन मागणं ही हुशारी नाही, सरळ फसवणूक आहे.

एका पार्टचं भांडण, सगळ्या गाडीचं नाही

मग बदल केला की वॉरंटी संपली? इथे कायद्याने एक फार बारीक आणि न्याय्य प्रश्न विचारून ठेवला आहे.

४ जानेवारी १९७५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायद्यावर सही केली. सिनेटर वॉरेन मॅग्नुसन आणि प्रतिनिधी जॉन मॉस यांचं नाव त्याला मिळालं. त्यातला एक नियम असा: आमच्याच ब्रँडचा पार्ट वापरा, आमच्याच सेंटरमध्ये सर्व्हिस करा, नाहीतर वॉरंटी रद्द, अशी अट कंपनीला घालता येत नाही. तो पार्ट किंवा ती सर्व्हिस फुकट दिली, किंवा सरकारी परवानगी मिळवली, तर गोष्ट वेगळी. या नियमावर बोट ठेवून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१५ मध्ये बीएमडब्ल्यूच्या मिनी विभागावर आणि २०२२ मध्ये हार्ले-डेव्हिडसनवर कारवाई केली.

पण हा कायदा लोकांना वाटतो तेवढा उदार नाही. रिमॅपमुळे जळालेला क्लच कंपनीने फुकट बदलून द्यावा, असं तो कुठेही म्हणत नाही. त्यामागचा प्रश्न एवढाच: हा बिघाड त्या बदलामुळे झाला का? रिमॅप केलेल्या गाडीची पॉवर विंडो बंद पडली, तर वॉरंटी नाकारायला कारण नाही. तिचा क्लच घसरू लागला, तर कारण आहे. वॉरंटी अशी एका फटक्यात मरत नाही. तुम्ही जेवढा भाग बदलता, तेवढ्या भागाची जबाबदारी कंपनीच्या खांद्यावरून उतरून तुमच्या खांद्यावर येते.

बदल न करताही ही जबाबदारी खांद्यावर येऊ शकते. जीटी-आरमध्ये लाँच कंट्रोल होतं: जागेवरून गाडी बाणासारखी सुटायची युक्ती. सुरुवातीच्या गाड्यांत त्यासाठी व्हीडीसी, म्हणजे गाडी घसरू न देणारी यंत्रणा, बंद करावी लागे. आणि व्हीडीसी बंद ठेवून झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, असं पुस्तिकेत लिहिलेलं होतं. अमेरिकेत २००८ मध्ये काही मालकांचे गिअरबॉक्स तुटले आणि वाद पेटला. गाड्या जशा कारखान्यातून आल्या तशाच होत्या. वॉरंटीची सीमारेषा कंपनीनेच दिलेल्या एका बटणातून जात होती. पुढे निसानने प्रोग्रॅम बदलून गाडी कमी आरपीएमवर सुटेल असं केलं.

भारतात आणखी दोन कुलपं

आपल्याकडे मॅग्नुसन-मॉससारखा खास कायदा नाही. करार आणि ग्राहक संरक्षण कायदा यांवर काम भागवावं लागतं. पण तत्त्व इथेही पोहोचलं आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड सुनावला. दंडाचं प्रकरण पुढे अपिलांत गेलं. त्या आदेशात आयोगाने म्हटलं होतं, की बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. हा आदेश दुरुस्तीबद्दल आहे, ताकद वाढवण्याबद्दल नाही. पण विचारायचा प्रश्न तोच आहे: कारण काय?

वॉरंटीचा प्रश्न सुटला तरी भारतात दोन कुलपं उरतात. पहिलं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. गाडीच्या नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करायचा नाही, असं ते सांगतं. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे लावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. यामागे तर्क आहे. नवं मॉडेल रस्त्यावर येण्याआधी त्याचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत ब्रेकपासून धुरापर्यंत तपासला जातो. प्रमाणपत्र मिळतं ते त्या नमुन्याला. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकला, की त्या प्रमाणपत्रातली गाडी आणि रस्त्यावरची गाडी वेगळ्या झाल्या.

दुसरं कुलूप विम्याचं. बदल कळवला नसेल तर अपघातानंतर दाव्याला आक्षेप येऊ शकतो. क्लच जळाला तर लाखांत जातं. पण अपघातात दुसऱ्याला इजा झाली आणि विमा कंपनीने हात वर केले, तर किती जाईल याला अंत नाही.

कुठून सुरुवात करायची

या सगळ्यातून निघणारा धडा ‘काही करू नका’ असा नाही. बदल कुठल्या क्रमाने करायचे, तो क्रम यातून निघतो. प्रत्येक बदलाला एकच कसोटी लावायची: याचा ताण पुढे कुठल्या भागावर पडतो?

टायरपासून सुरुवात करावी. इंजिनची सारी ताकद, ब्रेकचा सारा जोर आणि वळणाचा सारा ताण तळहाताएवढ्या चार ठिकाणांतून रस्त्यात उतरतो. कंपनीने दिलेल्या मापातच चांगल्या प्रतीचे टायर, चांगले ब्रेक पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल एवढ्यानेच गाडी वेगळी वाटू लागते. या सगळ्या झिजणाऱ्या वस्तू आहेत, कधी ना कधी बदलाव्या लागणारच होत्या, म्हणून वाद जवळपास नाहीच. रुंद किंवा मोठी अलॉय व्हील्स लावली, की मात्र हब बेअरिंग आणि सस्पेन्शनपर्यंत ताण जातो. त्या भागांची तक्रार मग तुमचीच. बुटक्या स्प्रिंग घातल्या, तर शॉकॲब्सॉर्बरवर हक्क सांगणं अवघड, पण इंजिनची वॉरंटी त्याने जायचं कारण नाही.

विजेच्या कामात सर्वांत जास्त सांभाळावं. एका वायरीतून अनेक कॉम्प्युटरांचे संदेश जात असतात. फॉग लॅम्प किंवा ॲम्प्लिफायर लावण्यासाठी मूळ वायर कापून टेप गुंडाळली, की पुढे कुठलाही विचित्र बिघाड त्या टेपवर ढकलता येतो. मूळ कपलरला बसणारं सामान घ्यावं, वायर कापू देऊ नये.

इंजिन सर्वांत शेवटी, आणि तेही थोडं थांबून. बिघाडांचा आलेख टबासारखा असतो, असं विश्वासार्हतेचं शास्त्र सांगतं. कारखान्यातले दोष सुरुवातीलाच उघडे पडतात, मग मोठा शांत काळ, आणि शेवटी झिजेचे बिघाड. पहिले काही हजार किलोमीटर गाडी मूळ स्वरूपात चालवली, तर कंपनीची चूक कंपनीच्या खर्चाने बाहेर येते. त्यानंतर ताकद वाढवायचीच असेल, तर ज्यावर कंपनीची सही आहे असा मार्ग आधी शोधावा. ब्रिटनमध्ये फोर्ड फिएस्टा एसटीसाठी माउंट्यूनचं २१५ पीएसचं किट फोर्डच्या डीलरकडे बसवून मिळायचं आणि वॉरंटी कायम राहायची. व्होल्वो गाड्यांना पोलस्टारचा प्रोग्रॅम तसाच मिळायचा. अमेरिकेत बीएमडब्ल्यू ट्यून करणाऱ्या डायननने मूळ वॉरंटीच्या तोडीची स्वतःची वॉरंटी देऊन नाव कमावलं. या सगळ्यांत वाढ बेताची असते, हे ध्यानात घ्यावं. बिघाडाचा खर्च ज्याला सोसायचा आहे, तो शिलक जपूनच खर्च करतो.

आणि कागद. बदललेले मूळ पार्ट घरात जपून ठेवावेत. बसवणाऱ्याचं बिल सांभाळावं, तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवावेत. सर्व्हिस अॅडव्हायझरला तोंडी नव्हे, ईमेलवर विचारावं. सर्व्हिस कधीही चुकवू नये, आणि जॉब कार्डवर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी. बदलामुळे बिघाड झाला असं सेंटरने सांगितलं, तर कुठला बदल, कुठला भाग आणि कसा, हे लेखी मागावं.

आता तर कंपन्यांनी राखून ठेवलेली ताकद स्वतःच विकायला काढली आहे. विजेच्या गाडीत ताकद म्हणजे बव्हंशी सॉफ्टवेअरने घातलेली मर्यादा. टेस्लाने मॉडेल-३ च्या मालकांना पैसे घेऊन जास्त प्रवेग दिला, मर्सिडीजने अमेरिकेत त्यासाठी वर्षाची वर्गणी लावली. २०२५ मध्ये फोक्सवॅगनने ब्रिटनमध्ये आयडी-३ ची ताकद २०१ वरून २२८ बीएचपी करून द्यायला महिन्याला साडेसोळा पौंड, किंवा कायमसाठी ६४९ पौंड मागितले. लोक चिडले: आमच्याच गाडीतली ताकद आम्हालाच भाड्याने? राग समजण्यासारखा आहे. पण त्या पैशांत वाढीव आकड्याखालची सहीसुद्धा येते. रिमॅपची ताकद फुकट वाटायची, कारण तिची किंमत बिलावर छापलेली नसायची. ती वॉरंटीतून वळती व्हायची.

म्हणून अशी ताकद घेताना किती पीएस वाढले, हे दुसऱ्यांदा विचारावं. पहिल्यांदा विचारावं, या नव्या आकड्याखाली सही कुणाची? कंपनीची असेल तर पैसे मोजून मजा करावी. ट्यूनरची असेल तर ती कागदावर घ्यावी. आणि कुणाचीच नसेल, तर ती आपली आहे असं समजून एका गिअरबॉक्सची किंमत बाजूला ठेवावी आणि मगच लॅपटॉप जोडू द्यावा.